दिल्लीला पाठवलेलं निरंक

माझे सासरे जळगावचे. स्थळ सांगून आलं तेव्हा 'मुलगा इंदूरला दरोगा आहे' एवढंच त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला पोलिसातला धरून मुलगी दिली. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले. भल्या पहाटे मी साधा शर्ट घालून, सायकलच्या कॅरिअरला हाजिरीचं रजिस्टर लावून निघालो, तेव्हा त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "जावईबापू साध्या वेषात फिरतात का?" तिनं खरं ते सांगून टाकलं. सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "असू दे. सरकारी आहे ना?"

सरकारी होतं खरं. आमच्याकडे सफाई दरोगा म्हणजे एका वॉर्डाच्या कचऱ्याचा मालक. पहाटे साडेपाचला चौकात उभं राहून झाडणाऱ्यांची हाजिरी घ्यायची, कोणी आलं नसेल तर त्याची गल्ली दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, हातगाड्या पेट्यांपर्यंत आणि पेट्या ट्रकपर्यंत पोचल्या की नाही ते पाहायचं. ट्रक शहराबाहेर ट्रेंचिंग ग्राउंडवर जायचा. तिथे लांब खड्डे खणून त्यात कचरा पुरायचा, असं कागदोपत्री होतं. प्रत्यक्षात तो पसरायचा. याशिवाय मेलेली गुरं उचलणं, विहिरीत औषध टाकणं, साथ आली की घरोघर फिरणं, हेही आमच्याकडेच. थोडक्यात, ज्या कामाला दुसरं कोणी नाक लावायला तयार नाही ते काम दरोग्याचं.

पण या कामात एक विद्या मिळते. कचरा वाचता येतो. माझा वॉर्ड मिल एरियातला. मिल चालू होत्या तेव्हा चाळींपुढच्या पेटीत कोळशाची राख, चहाचा चोथा, सुताचा गुंता आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी मिठाईचे रिकामे पुडे असत. मग एकेक मिल आजारी पडायला लागली. 'आजारी' हा सरकारी शब्द. आम्ही पाहिलं तर सरळ मरतच होत्या. माझ्या पेटीतून आधी मिठाईचे पुडे गेले. मग भाजीची सालं पातळ झाली. पुढे बटाट्याची सालं यायचीच बंद झाली, कारण बायका सालीसकट भाजी करायला लागल्या. पेटी अर्धीच भरायची. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "तुमच्या वॉर्डात सफाई बरीच सुधारली आहे." मी मान हलवली.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनं पन्नी आली. पन्नी म्हणजे प्लास्टिकची पिशवी. आम्ही इंदूरवाले तिला दुसऱ्या नावानं ओळखत नाही. शाम्पूच्या पुड्या आल्या, गुटख्याच्या आल्या. ज्या चाळीत साबणाची वडी चार दिवस पुरवायचे तिथेही एकेका पुडीची चैन शिरली, आणि नाल्या तुंबायला लागल्या. उदारीकरण म्हणजे काय ते लोकांना भाषणांमधून कळलं असेल, मला ते पेटीतून कळलं.

आता माझ्या एका गिऱ्हाइकाबद्दल सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत ते आहेत. आम्ही राहायला राजेंद्र नगरात, आणि आमच्याच गल्लीत पाध्ये मास्तर. नोकरीतून निवृत्त झालेले, पण लाल शाईतून झालेले नाहीत. कचरापेटी घरासमोर ठेवली म्हणून त्यांनी आमच्या खात्याला अर्ज केला. ती हलवली तर पेटी फार लांब पडते म्हणून अर्ज केला. मधोमध ठेवली तर पेटीमुळे रस्ता अरुंद होतो म्हणून केला. तो वॉर्ड माझा नव्हता, पण शेजारी या नात्यानं सगळ्या अर्जांच्या नकला मला वाचून दाखवत. माणूस प्रामाणिक. देशाची काळजी खरी करणारा. नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांना पत्रं लिहायचा, आणि उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मास्तरांना मोठा विषय सापडला. तेव्हा दिल्लीत वाद पेटला होता. बाहेरच्या श्रीमंत देशांचा टाकाऊ माल जहाजांतून आपल्या बंदरांवर उतरतो आहे, प्लास्टिक म्हणू नका, जुन्या बॅटऱ्या म्हणू नका, काय वाटेल ते. एक बाजू म्हणायची की हा कचरा नाही, कच्चा माल आहे. कारखाने चालतात, हातांना काम मिळतं, आता दारं उघडली आहेत तर वारा येणारच. दुसरी बाजू म्हणायची की आपला देश म्हणजे जगाचा उकिरडा झाला. वर्तमानपत्रांत रोज लेख. मास्तर अर्थातच दुसऱ्या बाजूचे.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!" ते मला गेटाशी गाठून म्हणायचे. "आपला आपल्याला उचलवत नाही, आणि यांचा बोलवून घ्या. मी खासदारांना लिहिलंय. प्रश्न विचारा म्हटलं, सभागृहात प्रश्न विचारा."

त्यांच्या पत्रामुळे म्हणा की आणखी कुणाच्या, प्रश्न विचारला गेला.

सभागृहातल्या प्रश्नाचं उत्तर कसं तयार होतं, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. मंत्री काही स्वतः गोदामं हिंडत नाहीत. दिल्लीहून एक प्रपत्र निघतं, म्हणजे रकाने आखलेला कागद. ते भोपाळला येतं, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून शहराला, शहरातून झोनला आणि झोनमधून दरोग्याला. प्रत्येक पायरीवर मुदत निम्मी होते. माझ्या हातात ते प्रपत्र आलं तेव्हा वर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : आज चारपर्यंत. पहिला रकाना : आपल्या क्षेत्रात विदेशातून आलेल्या टाकाऊ वस्तूंचा साठा अथवा छाटणी होते काय? पुढचे रकाने : होत असल्यास कोणत्या वस्तू, किती कामगार, त्यात घातक काही आहे काय, कामगारांच्या प्रकृतीच्या तक्रारी, केलेली कारवाई.

आमच्या झोनचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, तिवारीजी. तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून खुर्चीच्या आकाराचे झालेले. ते म्हणाले, "देखो भिया, हां लिखोगे तो पाच कॉलम और भरो. निरंक लिखो और चाय पियो."

निरंक हा आमच्याकडच्या दफ्तरांचा लाडका शब्द. शून्य कधी लिहायचं नाही, त्याच्याआधी कुणीही एखादा आकडा घालू शकतो. 'नाही' लिहायचं नाही, कारण 'नाही' म्हणजे तुम्ही जाऊन पाहिलंत आणि तिथे नव्हतं. निरंक लिहिलं की कुणाचंच काही अडत नाही. आमच्या कागदावर काही नाही. जमिनीवर काय आहे ते जमिनीला विचारा. पिसाळलेली कुत्री : निरंक. दूषित विहिरी : निरंक. मी स्वतः किती प्रपत्रांवर हा शब्द लिहिला असेल देव जाणे. हात आपोआप वळायचा.

त्या दिवशी मात्र मी चहा न पिता सायकल काढली. याला कारण होतं. दोन महिन्यांपासून माझ्या एका पेटीत अनोळखी अक्षरांची लेबलं, कधी न पाहिलेल्या बाटल्यांची बुचं यायला लागली होती. चाळीतल्या माणसांनी विकत घ्यावा असा तो माल नव्हता. बंद पडलेल्या मिलच्या मागे कुणा शेठचं एक पत्र्याचं गोदाम होतं. तिथे ट्रकनं गाठी येतात हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं.

आत गेलो तर बायका दोन ओळींत गोणपाटावर बसल्या होत्या. मिल सुटली तरी बसण्याची शिस्त सुटली नव्हती. मध्ये फोडलेली गाठ, आणि तिच्यातून चेपलेल्या बाटल्या, डबे, पन्न्यांचे लगदे बाहेर आलेले. ओळीच्या टोकाला कुसुमताई. मी त्यांना चांगलं ओळखत होतो. मराठी घर म्हणून चाळीतल्या माझ्या फेरीत त्यांच्याकडे चहा ठरलेला. त्या मिलच्या रीलिंग खात्यात होत्या, सुताच्या लडी करायचं काम. नवरा बापूराव मागावर जॉबर, म्हणजे मुकादम. मिल बंद झाल्यावर बापूराव रोज सकाळी डबा घेऊन बंद गेटपाशी जाऊन बसत. मिल उघडलीच तर पहिल्या दिवसाची हाजिरी चुकू नये म्हणून. घर चालायचं ते कुसुमताईंच्या या छाटणीवर.

"या दरोगाजी! आज इकडे कसे काय?"

"सहज आलो. काय करून राहिल्यात ताई?"

"छाटणी. हे कडक, हे नरम, हा रंगीत माल आणि तो तिकडे कचरा."

"अन् बाकीचा काय आहे मग?" मी म्हणालो. बायका हसल्या.

बोलता बोलता त्यांचे हात चालूच होते. त्यांनी लगद्यातून एक लांब पारदर्शक नळी ओढून काढली, सलाइनची असते तसली. नळी नरम, पण तिच्या टोकाला कडक तोटी. नरम आणि कडक वेगळं करायचं तर तोटी तोडावी लागते. कुसुमताईंनी नळी तोंडाशी नेली, दातानं कच्चकन तोडली, तोटी एका ढिगात आणि नळी दुसऱ्या ढिगात. पुढची घेतली. शेजारची बाईही तेच करत होती. सगळी ओळच.

"अहो ताई, तोंडात काय घालताय ते!"

त्यांना नवल वाटलं. "दातानं नाही तर कशानं? वीस वर्षं रीलिंगला दुसरं काय केलं भाऊ? धागा तुटला की ओठानं ओला करायचा, गाठ मारायची, टोक दातानं तोडायचं. कात्री शोधत बसलं तर पाळी संपेल. हात लावा बरं, कशी सफाईनं तुटते."

मी हात लावला नाही. नळीच्या आत काहीतरी वाळून तपकिरी झालेलं होतं. माणसाच्या अंगातून निघालेलं असतं तसं. ढिगात एक-दोन सुयाही दिसल्या. दरोगा म्हणून मला जे पाहायचं होतं ते सगळं दोन मिनिटांत पाहून झालं, आणि मी खिशातून प्रपत्र काढलं.

कागद पाहिल्यावर हसणं थांबलं. मिलमधल्या माणसाला कागदाचा वास लांबून येतो. कुसुमताई उठल्या, मला दाराशी घेऊन गेल्या.

"कुठला कागद आहे?"

"दिल्लीचा. सभागृहात प्रश्न आलाय. मला लिहून द्यायचंय, इथे हे आहे म्हणून."

"लिहिलं तर काय होईल?"

"बंद करतील बहुतेक."

त्यांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "मिल बंद झाली तेव्हा कुणी आलं नव्हतं विचारायला, की बाई, आता खाशील काय. आणि हे बंद करायला दिल्लीहून कागद आला? वा रे वा." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच मला सहन होईना. "नका लिहू भाऊ. तुमच्या पाया पडते. ते गेटवर बसतात रोज, त्यांना अजून वाटतं मिल उघडेल म्हणून. त्यांच्या डब्यात भाकर कुठून येते ते तुम्हाला माहीत आहे."

मी म्हणालो, "निदान दातानं तोडू नका. शेठकडून कात्र्या मागून घ्या."

"घेते की. आजच मागते."

सायकलवर बसलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. झोन ऑफिसात पोचलो आणि पहिल्या रकान्यात लिहिलं : निरंक. खाली सही.

आजवर मी हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, तुम्ही गरिबांचा विचार केलात. केला. पण तेवढंच कारण नव्हतं, आणि या वयात खोटं बोलून काय करायचं? चार वाजत आले होते. पाच रकाने भरायचा कंटाळा होता. पंचनामा, शेठचे फोन, वरच्यांचे प्रश्न, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. कुसुमताईंच्या विनवणीनं मला एक चांगलं कारण हातात दिलं आणि मी ते घेतलं. माझ्या आळसाला त्यांच्या गरिबीचा आडोसा मिळाला, इतकं सरळ आहे ते.

काही आठवड्यांनी पाध्ये मास्तर वर्तमानपत्र फडकवत आले. "उत्तर आलं! ऐका : अशा प्रकारची कोणतीही माहिती प्राप्त झालेली नाही." त्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं, दर वेळी वेगळ्या रागानं. मग चष्मा काढून मला विचारलं, "तुम्ही त्या भागात असता. आपल्या इंदुरात तर नाही ना हो असलं काही?"

"नाही मास्तर."

"चला. तेवढं तरी बरं आहे."

आणि मनात मला काय वाटलं असेल? लाज वाटली असं लिहायला आवडलं असतं. पण आधी अभिमान वाटला. आपल्या हातचा एक शब्द शिडी चढत चढत दिल्लीत पोचला आणि मंत्र्याच्या तोंडून निघाला! संध्याकाळी मी बायकोला सराफ्यातल्या खाऊबाजारात नेऊन गराडूचे तळलेले काप खायला घातले. तिनं विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, असंच.

त्या हिवाळ्यात मिलमागच्या चाळीत कावीळ निघाली. कावीळ म्हटलं की आमच्या खात्याची नजर आधी पाण्यावर. मला औषध घेऊन पाठवलं. टाकी धुतली, नळ तपासले, नमुने पाठवले. पाणी चांगलं निघालं. मी रजिस्टर घेऊन घरोघर फिरलो. एका नळाचं पाणी सगळी चाळ पीत होती, पण पोरं ठणठणीत, पुरुष ठणठणीत. आजारी होत्या त्या तीन बायका, आणि तिघी त्या ओळीत बसणाऱ्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? कावीळ पाण्यातून येते तशी एकाच्या रक्तातून दुसऱ्यालाही होते, एवढं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

तिघींत कुसुमताईंची तब्येत सगळ्यात खराब. त्यांना सरकारी इस्पितळात ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा डॉक्टर खाटेशीच उभे होते, तरुण, जीव लावून काम करणारे. मला म्हणाले, "समझ में नहीं आ रहा. ये तो घर पे रहती हैं, कोई सुई नहीं लगी, खून नहीं चढा. बीमारी आई कहां से?"

केसपेपरवर लिहिलेलं होतं : घरकाम.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर मी खाली वाकलो. डोळे हळदीसारखे झाले होते. "ताई, गोदामाचं का नाही सांगितलंत त्यांना?"

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "कसं सांगू भाऊ? तुम्ही दिल्लीला लिहून दिलंय ना, की इथे असलं काही नाही म्हणून. मी सांगितलं तर तुम्ही खोटे पडाल. नोकरी जाईल तुमची. तुम्हालाही लेकरं आहेत."

मी बेचाळीस वर्षांचा बाप्या, त्या वॉर्डात सगळ्यांसमोर रडलो. त्याच मला गप्प करत होत्या, "अहो, असं काय करता, लोक पाहून राहिलेत."

मग उठलो आणि व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. गाठी, नळ्या, सुया, दात. ते म्हणाले, "ये आप आज बता रहे हैं?" मी विचारलं, आधी कळलं असतं तर फरक पडला असता का? ते म्हणाले, "कहना मुश्किल है." चांगला माणूस होता, माझं मन राखायला नको ते बोलला नाही. त्यांनी बाकीच्या बायकांना बोलवून तपासलं. इतर दोघी वाचल्या. कुसुमताई आठव्या दिवशी गेल्या.

त्यांचे दिवस व्हायच्या आत मी झोन ऑफिसात जाऊन म्हटलं, मला माझं उत्तर बदलून द्यायचंय. तिवारीजी पहिल्यांदाच खुर्चीतून थोडे उठले. "भिया, जवाब मांगने का प्रपत्र आता है. जवाब सुधारने का कोई प्रपत्र नहीं आता." ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी खरंच फाइली चाळून पाहिल्या. अधिवेशन संपलं होतं, प्रश्न निकालात निघाला होता, आणि दिल्लीतला वाद एव्हाना दुसऱ्याच विषयावर गेला होता. मग मी रकान्यांवाचून, साध्या कागदावर, चार पानी अहवाल लिहिला. काय पाहिलं, कधी पाहिलं, आणि पाहून काय लिहिलं तेही. वाटलं होतं, सस्पेंड करतील. कुणी काही केलं नाही. पानांमधला माझा भाग कुणी वाचलाच नसावा. गोदामाला मात्र आठवड्यात सील लागलं आणि माझ्या फाइलीत 'दक्षतेबद्दल' एक चांगला शेरा पडला.

सील लागताना बायका बाहेर उभ्या होत्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. त्या नुसत्या आपापल्या डब्याच्या पिशव्या घेऊन घरी गेल्या.

पाध्ये मास्तरांना मी पुढे सगळं सांगितलं.  आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अर्ज लिहिला नाही. एवढंच म्हणाले, "आम्ही म्हणत होतो ते बरोबरच होतं की हो." बरोबरच होतं. आणि कच्चा माल म्हणणारेही चूक नव्हते. काम मिळत होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन्ही बाजू दिल्लीत तावातावानं भांडल्या, आणि ज्या बाईच्या दातात तो विषय अडकला होता तिला दोघांपैकी कुणी पाहिलं नव्हतं. जिला पाहायला हवं होतं तिच्यापर्यंत पोचलेला माणूस एकच, आणि तो मी. पुढे नियम आले, सक्त आले, चांगले आले. आमचं शहरही आता सफाईत नावाजलं जातं, बाहेरगावचे पाहुणे रस्ते पाहून तोंडात बोट घालतात, आणि मलाही ते ऐकून छाती फुगल्यासारखं वाटतं, खोटं कशाला सांगू? पण नियम म्हटला की मला त्याची हद्द कुठे संपते ते आधी पाहायची खोड लागली. तिचं कारण शेवटी सांगतो.

गोदाम बंद झाल्यावर सहा-सात महिन्यांनी, सकाळची हाजिरी घेऊन परतताना, मला महूकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर बापूराव दिसले. हातात डब्याची पिशवी. मला वाटलं, मिल उघडली की काय! सायकल थांबवली.

"बापूराव, इकडे कुठे?"

"कामावर. शेठनं गोदाम तिकडे नेलंय ना, सडकेला लागून. बायका जातात सगळ्या. मीही जातो आता. गेटवर बसून काय होतं?"

 मी म्हणालो, "बापूराव, नळ्या येतात का अजून? दातानं तोडू नका हो. हात जोडतो."

"छे छे. आम्ही साळखात्यातले, मागावरची माणसं. ती सवय रीलिंगच्या बायकांची."  मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जवळ आले. "दरोगाजी, एक काम होतं तुमच्याकडे. तिकडचा दरोगा तुमच्या ओळखीचा असेल. त्याला जरा सांगून ठेवाल का? काही लिहू नको म्हणावं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. तो माणूस मला खरोखर विनंती करत होता, मी एकदा ऐकली होती त्याच भरवशावर.

"तिकडे दरोगा नसतो बापूराव," मी म्हणालो. "आमची हद्द अलीकडेच संपते."

"म्हणजे कुणी येतच नाही पाहायला?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग बरंय," म्हणाले, आणि बस आली तसे चढून गेले.